इंजिन जोखायचे कोठे?

मे महिन्यातली दुपार. वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीत सावलीतला पारा ४५ अंशांवर पोहोचलेला आहे. एक मोटरसायकल नागपूर रस्त्याला लागते. हीच मोटरसायकल जानेवारीतल्या एका पहाटे, १२ अंश तापमानात, याच रस्त्याने गेली होती असे समजू. दोन्ही वेळा चालकाने मूठ सारखीच पिळली आणि इंजिनाचे फेरेही सारखेच होते. मग सिलिंडरमध्ये हवाही सारखीच गेली असेल का?

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित घालून पाहावे. दाब तोच धरला तर हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. पहाटेचे तापमान २८५ केल्विन, दुपारचे ३१८ केल्विन. २८५ भागिले ३१८ म्हणजे ०.९० च्या आसपास. सिलिंडरचे आकारमान काही बदललेले नाही, पण त्यात मावणारी हवा सुमारे दहा टक्क्यांनी कमी झाली. हवा कमी म्हणजे प्राणवायू कमी, म्हणून पेट्रोलही तेवढेच कमी सोडले पाहिजे. ठिणगी पाडण्याची वेळही थोडी बदलायला हवी. हे सगळे जुळवून देण्याला गॅरेजच्या भाषेत ‘ट्यूनिंग’ म्हणतात.

हल्ली गाडीचे ट्यूनिंग करून घेणाऱ्यांसमोर दोन वाटा असतात. एक म्हणजे गाडी ‘डायनो’वर, म्हणजे डायनामोमीटर या शक्तिमापक यंत्रावर नेऊन, तिच्या चाकांवर भार घालून, मोजत मोजत जुळवणे. दुसरी वाट घरबसल्या. गाडीच्या संगणकातल्या नोंदी दूरच्या शहरातल्या एखाद्या जाणकाराला पाठवायच्या, त्याने दुरुस्त केलेली फाइल इंटरनेटवरून घ्यायची आणि गाडीत भरायची. यांतली चांगली कोणती, यावर तरुण मंडळी तावातावाने भांडतात. वाद नवा दिसतो, पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न दोनशे वर्षांहून जुना आहे. यंत्राची ताकद मोजायची कोठे, आणि मोजताना समोर कोणी असायचे?

जेम्स वॅटला हा प्रश्न धंद्यामुळे पडला. त्याची वाफेची इंजिने घेणारे गिरणीवाले तोपर्यंत घोडे जुंपत होते. एक इंजिन किती घोड्यांचे काम करील, हे त्यांना समजेल असे सांगणे भाग होते. १७८० च्या दशकात वॅटने मिनिटाला ३३,००० फूट-पौंड हे एका घोड्याचे काम ठरवले. दिवसभर राबणाऱ्या खऱ्या घोड्याला हे झेपत नाही. गिऱ्हाइकाची तक्रार येऊ नये म्हणून माप सढळ हाताने ठेवलेले दिसते. पुढे १७९६ मध्ये वॅटचा सहकारी जॉन सदर्न याने सिलिंडरमधल्या दाबाचा आलेख आपोआप काढणारे ‘इंडिकेटर’ हे उपकरण केले. वॅटच्या कारखान्याने ते पुष्कळ वर्षे गुपित ठेवले. इंजिन आतून कसे वागते हे ज्याला दिसते त्याच्या हाती सत्ता येते, हे त्या मंडळींना तेव्हाच कळले होते.

पण इंडिकेटर सांगतो ती सिलिंडरच्या आतली शक्ती. घर्षणात आणि पंप-झडपांत वाया जाऊन दांड्यापर्यंत पोहोचते ती वेगळी. ती मोजण्याची सोपी युक्ती १८२१ मध्ये फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनी या अभियंत्याने काढली. फिरत्या दांड्याला दोन लाकडी ठोकळ्यांच्या चिमट्यात धरायचे, चिमट्याला लांब दांडी जोडायची आणि दांडी दांड्याबरोबर गरगरू नये म्हणून तिच्या टोकाला वजन टांगायचे. वजन गुणिले दांडीची लांबी म्हणजे पीळ. पिळाला फिरण्याच्या वेगाने गुणले की शक्ती. हा चिमटा म्हणजे ब्रेकच. ‘ब्रेक हॉर्सपॉवर’ हा शब्द त्यातूनच आला, आणि पूर्वी विहिरीवरच्या डिझेल इंजिनाच्या पाटीवर तो हमखास दिसे. पुण्याजवळ खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाल्यावर अशा पाट्या महाराष्ट्राच्या गावोगावी पोहोचल्या. पाटीवर ५ अश्वशक्ती आणि मिनिटाला १५०० फेरे लिहिले असतील तर त्याचा अर्थ असा: ०.३ मीटर त्रिज्येच्या चाकावर दोर गुंडाळून ब्रेक लावला, तर दोराच्या दोन टोकांच्या ताणांत सुमारे ८० न्यूटनचा फरक पडूनही इंजिनाचे फेरे १५०० च राहिले पाहिजेत. (पीळ २४ न्यूटन-मीटर, सेकंदाला २५ फेरे, २ × ३.१४ × २५ × २४ म्हणजे सुमारे ३,७७० वॅट. एक अश्वशक्ती ७४६ वॅट धरून ताळा करून पाहावा.)

हा प्रयोग शाळेत इंजिनाशिवायही होतो. सायकल उलटी ठेवावी, मागच्या चाकाचे टायर-ट्यूब काढून रिकाम्या रिमवर सुती दोर टाकावा, दोराची दोन टोके प्रयोगशाळेतल्या दोन ताणकाट्यांना बांधावीत आणि एका मुलाने पायडल हाताने एकसारखे फिरवावे. काट्यांतला फरक ५ न्यूटन, त्रिज्या ०.३ मीटर आणि चाकाचे मिनिटाला १२० फेरे असतील तर उत्तर १९ वॅटच्या आसपास येते. थोड्या वेळाने दोराला हात लावून पाहायला सांगावे. तो तापलेला असतो. सगळी शक्ती उष्णतेत जाते, हे पुस्तकापेक्षा त्या दोराने चांगले समजते.

मोठ्या इंजिनांना प्रोनीचा ब्रेक पुरेना तो याच उष्णतेमुळे. लाकूड जळू लागे. १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम फ्राउडने आरमाराच्या इंजिनांसाठी लाकडाच्या जागी पाणी वापरले. बंद पेटीत फिरणारे पंखे पाणी घुसळतात, पाणी तापते, तापलेले काढून गार सोडता येते. १८९१ मध्ये अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात याहून वेगळी गोष्ट घडली. तेथे एक अख्खे रेल्वे इंजिन रुळांऐवजी फिरत्या चाकांवर उभे केले गेले. इंजिन जागच्या जागी धावत होते आणि खालची चाके त्याला ओढ देत होती. आजच्या गाड्यांच्या डायनोचे हे मूळ. गाडी उभी आणि रस्ता मात्र तिच्या खालून पळतो. यात सोय मोठी आहे, पण रस्त्यावरच्या काही गोष्टी गळून पडतात. समोरचा वारा नाही, धूळ नाही, चढ नाही, आणि सुकाणूचे चाक कोणी वळवत नाही. हे शेवटचे पुढे लागणार आहे.

आपल्याकडे रस्त्यावरच्या गाड्यांना कित्येक दशके यातले काहीच मिळाले नाही, आणि फारसे अडलेही नाही. मुंबईत कुर्ल्याला बनणारी पद्मिनी असो की आकुर्डीची बजाज स्कूटर असो, इंजिनाला पेट्रोल पाजायचे काम कार्बोरेटर करी. मिस्त्री मिश्रणाचा स्क्रू अर्धा फेरा इकडे-तिकडे करी, सीबी पॉइंटमधली फट पत्तीने पाही आणि कान देऊन ऐके. प्लग काढून त्याचा रंग बघितला जाई. काळा काजळलेला म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका म्हणजे कमी, विटकरी म्हणजे ठीक. हे अडाणी काम नव्हते. प्लगचा रंग म्हणजे प्रत्यक्ष त्या गाडीने, त्या रस्त्यावर, त्या हवेत केलेल्या प्रवासाची नोंद असते. मात्र स्क्रूने जुळते ते मुख्यतः इंजिन सावकाश, भाराशिवाय चालते तेव्हाचे मिश्रण. चढावर पूर्ण मूठ पिळल्यावर काय होते ते कार्बोरेटरच्या जेटच्या भोकावर सोडलेले असे.

संगणक आला तो हौसेपायी आला नाही, धुराच्या कायद्यापायी आला. २००० साली भारतात युरोपच्या धर्तीचे नियम लागू झाले आणि मोटारींत पेट्रोल फवारणारी यंत्रणा रुळली. मोटरसायकलींचा प्रवास मजेशीर झाला. बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० फवाऱ्याची आणली, पण २००९ मध्ये तीच गाडी पुन्हा कार्बोरेटरवर नेली. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आल्यावर मात्र जवळजवळ सगळ्या दुचाकी फवाऱ्याच्या झाल्या. तोवर मिस्त्रीचा स्क्रू गेला होता. त्याच्या जागी एक कोष्टक आले होते.

हे कोष्टक समजले की आजचा वाद अर्धा समजतो. आडव्या ओळीत इंजिनाचे फेरे, उभ्या स्तंभात इंजिनावरचा भार, असा सोळा बाय सोळाचा तक्ता डोळ्यांसमोर आणा. त्यात २५६ खण आहेत. फेरे अमुक आणि भार तमुक असेल तेव्हा किती पेट्रोल फवारायचे हे त्या खणात लिहिलेले असते. ठिणगीच्या वेळेचा असाच दुसरा तक्ता. हवेचे तापमान आणि दाब मोजणारी संवेदके असतात, त्यामुळे नालवाडीची दुपार आणि पहाट यांतला फरक संगणक स्वतःच बराचसा भरून काढतो. शिवाय धुराड्यातले प्राणवायू-संवेदक मिश्रण पातळ की दाट ते सांगत राहते आणि संगणक सावरून घेतो. पण बहुतेक गाड्यांत पूर्ण मूठ पिळल्यावर हे सावरणे थांबते. तेव्हा इंजिन तक्त्यात लिहिले असेल त्यावरच विसंबून चालते. ट्यूनिंग करणाऱ्याला हात घालायचा असतो तो नेमका याच खणांत, आणि इंजिन बिघडते तेही येथेच.

मग हे खण भरायचे कसे? भार घालणाऱ्या डायनोचा खरा गुण येथे दिसतो. तो ब्रेक असल्यामुळे फेरे ३,००० वर धरून ठेवतो. मूठ पाव पिळा, अर्धी पिळा, पूर्ण पिळा. फेरे तेच राहतात. म्हणजे एका रांगेतला प्रत्येक खण क्रमाने गाठता येतो आणि तेथे थांबून मोजता येते. नालवाडीहून वर्ध्याच्या बाजारात आणि परत अशा रोजच्या फेऱ्यांत गाडी मोजक्याच खणांत फिरते, आणि नोंदी येतात त्या तेवढ्याच खणांच्या. दुरून ट्यूनिंग करणारा बाकीचे खण दुसऱ्या गाड्यांच्या अनुभवावरून, अंदाजाने भरतो. जाणकार असेल तर अंदाज बरा असतो. पण वेळेआधी पेट घेणाऱ्या मिश्रणाचे धातूवर आपटल्यासारखे ठोके त्याला स्वतःच्या कानांनी ऐकू येत नाहीत, आणि हे ठोके दुर्लक्षित राहिले तर पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. इंधनाचा प्रश्न वेगळाच. परदेशातून आणलेली फाइल तिथल्या पेट्रोलसाठी लिहिलेली असते. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. २०२५ पर्यंत आपल्याकडे पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल रूढ झाले. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा प्राणवायू असल्याने त्याला हवा साडेतेरा किलोच्या आसपास पुरते. हवा तेवढीच आणि फवाराही जुनाच ठेवला तर मिश्रण पातळ पडते.

इतके वाचून डायनोच श्रेष्ठ असे कोणी म्हणेल. माझे मत तितके सरळ नाही. पुष्कळ ठिकाणचे डायनो ब्रेकवाले नसतात. तेथे नुसता जड पिंप असतो, त्याला चाकांनी वेग देताना किती वेळ लागला यावरून शक्ती काढतात. अशा यंत्रावर एका खणात थांबणे जमत नाही. शिवाय डायनोच्या खोलीत गाडीसमोर पंखा असतो, रस्त्यावरचा वारा नसतो. आणि छापून मिळणारा अश्वशक्तीचा आकडा सहसा मोजलेला नसून ‘दुरुस्त’ केलेला असतो. पुण्यातले आणि वर्ध्यातले आकडे एकमेकांशी ताडता यावेत म्हणून आंतरराष्ट्रीय मानकानुसार ते २५ अंश तापमान आणि ९९ किलोपास्कल दाबावर आणले जातात. दुरुस्ती सात टक्क्यांच्या वर गेली तर चाचणीच्या वेळची परिस्थिती अहवालात तपशिलाने लिहावी असे मानकच सांगते. दुरून येणाऱ्या फाइलच्या बाजूने एक गोष्ट मात्र ठामपणे सांगता येते: तिला आधार म्हणून दिलेल्या नोंदी खऱ्या रस्त्यावरच्या, खऱ्या उन्हातल्या असतात. मिस्त्रीच्या प्लगच्या रंगाची ती आजची नातवंडे म्हणायला हरकत नाही.

खोलीतल्या चाचणीवर किती विसंबायचे हा प्रश्न एकट्या हौशी मंडळींचा राहिला नाही. यंत्राला एका क्षणी जोखायचे की दिवसभराच्या कामात, यावर वर्ध्याच्या परिसरात गाड्यांच्या पुष्कळ आधी विचार झाला होता, तो चरख्याबद्दल. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्यात अट होती ती सलग आठ तासांच्या कामात बारा ते वीस नंबरचे १६,००० वार सूत निघण्याची, आणि तेही कातणाऱ्या बाईला फार शीण न होता. मिनिटभराच्या वेगाला बक्षीस नव्हते. १९३२ च्या अखेरीस विनोबा नालवाडीत राहायला आले आणि रोज ठरावीक तास कातून त्याच मजुरीवर जगून पाहण्याचा प्रयोग त्यांनी येथे केला. चाचणी घेणारा आणि चाचणी दिला जाणारा एकच, असा हा प्रकार.

गाड्यांसाठी ‘दिवसभराचे काम’ कागदावर उतरवण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला. लॉस एंजलिसच्या धुक्यासारख्या धुराला कंटाळून तेथल्या एका खऱ्या रस्त्यावरचा वेगाचा आलेख घेतला गेला, आणि १९७२ पासून गाड्या डायनोवर त्या आलेखाबरहुकूम चालवून त्यांचा धूर मोजला जाऊ लागला. आपल्याकडे हे काम पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे ‘एआरएआय’ने केले. ही संस्था १९६६ ची. भारतीय शहरांतल्या रहदारीवरून १९८५ च्या सुमारास बेतलेले भारतीय चालनचक्र १०८ सेकंदांचे होते. त्यात जास्तीत जास्त वेग ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी २२ च्याही किंचित खाली. आपल्या चौकाचौकांतली धर-सोड त्यात बरी उतरली होती. २००० पासून मोटारींसाठी युरोपचे चक्र घेतले, फक्त कमाल वेग १२० ऐवजी ९० केला.

चक्र ठरलेले असले की ते पाठ करता येते. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगनवर जो आरोप ठेवला आणि कंपनीने कबूल केला, तो हाच होता. चाके फिरत आहेत पण सुकाणू वळत नाही, अशा खुणांवरून डिझेल गाडीचा संगणक आपण डायनोवर आहोत हे ओळखी आणि तेवढ्यापुरता नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा धूर आवरी. रस्त्यावर आल्यावर दुसरा तक्ता. जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर होते. त्याचा माग लागला तो वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटामुळे. त्यांनी मोजणीचे यंत्रच गाडीच्या मागे लादले आणि गाडी खऱ्या रस्त्यावर चालवली.

पुण्यातही मग तसेच करावे लागले. डॉ. रश्मी ऊर्ध्वरेषे तेव्हा एआरएआयच्या संचालिका होत्या. भारतात विकलेल्या गाड्यांचा धूर रस्त्यावर भारत स्टेज चारच्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट भरला, असे संस्थेच्या तपासणीत निघाले. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या ३,२३,७०० गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावल्या. भारतातला नियम आपण मोडलेला नाही, कारण रस्त्यावरच्या धुराला तेव्हा मर्यादाच नव्हती, ही कंपनीची बाजू. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. कंपनीच्या बचावात तथ्य होते, आणि म्हणूनच तो अस्वस्थ करणारा होता. मोजणी खोलीतच करायची असे आपणच ठरवले होते. एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींना प्रत्यक्ष रस्त्यावरची धुराची चाचणी सक्तीची झाली.

विकल्या गेलेल्या गाडीचे काय? दरवर्षी काढायच्या पीयूसी प्रमाणपत्रासाठी पेट्रोलची गाडी उभी करून, चाकांवर कसलाही भार न घालता धूर तपासतात, आणि नायट्रोजनची ऑक्साइडे त्यात मोजतच नाहीत. म्हणजे दुरून आलेल्या फाइलने भाराचे खण कसेही बदलले तरी पीयूसीला त्याचा पत्ता लागत नाही. कायद्याला मात्र ते चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेली मूळ रचना मालकाला मनाने बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीत अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर धावणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. शाळेसमोरून जाणाऱ्या गाडीचा धूर मुलांच्या उंचीवरच सुटतो.

बारावीतला एखादा विद्यार्थी डायनोचा छापील आलेख अभिमानाने वर्गात घेऊन आला, तर रागावू नये. तो फळ्यावर लावावा. पीळ आणि फेरे यांवरून अश्वशक्ती सगळ्यांना काढू द्यावी. मग कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत खोलीचे तापमान, हवेचा दाब आणि दुरुस्तीचा गुणक छापला आहे का, ते त्यालाच शोधायला लावावे.